कुत्री गाभण आहे का? आधी तारीख बघा, मग पोट

कुत्रीचं पोट जरा गोल दिसायला लागलं की घरात तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं खाणं वाढलंय, कुणी म्हणतं जंत झालेत, आणि शेजारच्या काकू सड बघून ठामपणे सांगतात, ‘‘अहो, गाभण आहे ती.’’ काकूंचं बरोबर असूही शकतं. पण नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या बाबतीत नुसतं पोट आणि सड बघून निकाल देणं धोक्याचं आहे. माजानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तिच्या शरीरात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात आणि सुरुवातीला त्या बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात: खरा गर्भ, खोटा गर्भ आणि गर्भाशयात झालेला पू. पहिल्यात तयारीला वेळ मिळतो, दुसऱ्यात बहुतेकदा काहीच करावं लागत नाही, आणि तिसऱ्यात दोन दिवस वाट बघत बसलात तर कुत्री हातची जाऊ शकते.

म्हणून पोटाकडे बघण्याआधी आठवा, ती माजावर कधी आली होती? हे आठवत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. ज्यांच्या घरी नसबंदी न झालेली कुत्री आहे त्यांना माझा आग्रह असतो, की दुधाचा हिशोब जिथे लिहिता त्याच कालनिर्णयाच्या पानावर तिच्या माजाची तारीख लिहा. फरशीवर रक्ताचा पहिला थेंब दिसला तो दिवस. डॉक्टरांकडे गेल्यावर या एका तारखेने निम्मं काम होतं.

कुत्री साधारण सहा महिने ते वर्षाच्या वयात पहिल्यांदा माजावर येते. लहान चणीच्या कुत्र्या लवकर येतात, मोठ्या जातीच्या कुत्र्यांना दीड-दोन वर्षंही लागतात. त्यानंतर साधारण दर सहा-सात महिन्यांनी माज येतो. पहिल्याच माजात गर्भ राहू शकतो, आणि आठ महिन्यांचं ‘पिल्लू’ म्हणून आपण जिच्याकडे बघतो ती स्वतः आई होऊ शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एकाच वेतातले भाऊ-बहीण घरात असतील तर तेही जुळतात. नातं त्यांना अडवत नाही.

माजाचे साधारण दोन टप्पे असतात. पहिल्या नऊएक दिवसांत योनी सुजते आणि लाल जातं. नर मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. मग लाल फिकट होतं, गुलाबीसर किंवा पाण्यासारखं दिसतं, आणि घरचे निश्चिंत होतात: ‘‘संपलं एकदाचं, सोडा तिला गच्चीवर.’’ बहुतेक नकोशी गर्भधारणा इथेच होते. रक्त फिकट होणं म्हणजे माज संपणं नव्हे. गर्भ राहण्याचे दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पाठीवर कंबरेपाशी हात ठेवला तर ती शेपूट एका बाजूला वळवून उभी राहते. हा टप्पाही सरासरी नऊ दिवसांचा, पण काहींचा तीन आठवड्यांपर्यंत लांबतो. त्यामुळे पहिल्या थेंबापासून किमान तीन आठवडे, आणि सूज पूर्ण उतरून नर तिच्याकडे फिरकेनासे होईपर्यंत, तिला पट्ट्याशिवाय बाहेर सोडू नका. काही कुत्र्या स्वतःला इतकं चाटून स्वच्छ ठेवतात की घरच्यांना माज आल्याचं कळतच नाही. अशा वेळी दारापाशी नर घुटमळू लागले, हीच खूण.

गावातली आणि रस्त्यावरची कुत्री आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस मोठ्या संख्येने माजावर येतात. भाद्रपदातल्या कुत्र्यांचा उल्लेख मराठी बोलण्यात उगीच आलेला नाही. भाद्रपदात जुळलेल्या कुत्र्या दोन महिन्यांनी, थंडी सुरू होताना वितात. म्हणून दाराशी येणाऱ्या कुत्रीचं पोट दिवाळीच्या सुमारास वाढलेलं दिसलं, तर गर्भाची शक्यता बरीच असते. घरातल्या कुत्रीला मात्र हा ऋतू लागू होतोच असं नाही, तिचा माज वर्षात केव्हाही येतो.

कुत्रा-कुत्री अडकलेली दिसली तर त्यांना हिसकून, मारून किंवा पाणी ओतून सोडवू नका. साधारण दहा मिनिटं ते अर्धा तास ती तशीच राहतात आणि आपोआप सुटतात. ओढाताणीत दोघांनाही इजा होते आणि गर्भ टळत नाही. तो दिवस लिहून ठेवा. अडकलेली बघितली नाहीत म्हणून काही घडलंच नाही असंही समजू नका. माजाच्या दिवसांत ती दहा-पंधरा मिनिटं नजरेआड होती, एवढं पुरेसं असतं.

आता दिवसांचं गणित. बीज सुटल्यापासून साधारण 63 दिवसांनी कुत्री विते. पण नराचं वीर्य कुत्रीच्या शरीरात बरेच दिवस टिकतं आणि बीज सुटल्यावरही पक्व व्हायला दोनएक दिवस घेतं, त्यामुळे जुळल्याच्या दिवसापासून मोजलं तर पिल्लं 57व्या दिवसापासून 72व्या दिवसापर्यंत केव्हाही येऊ शकतात. समजा, 5 ऑक्टोबरला ती जुळली. तर 7 डिसेंबरच्या आसपास ती विणार, पण तयारी 1 डिसेंबरपासून हवी. सोनोग्राफीसाठी तिला 4 नोव्हेंबरच्या सुमारास न्यायचं. या दोन-तीन तारखा आत्ताच लिहून ठेवल्या तर रोज पोट चाचपत बसावं लागत नाही.

पहिले तीन आठवडे बाहेरून काहीही दिसत नाही. ज्यांना दिसतं असं वाटतं ते मनाचे खेळ असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही कुत्र्यांचं खाणं दोन-चार दिवस कमी होतं, एखादी उलटी होते, ती जरा सुस्त पडून राहते, एरवी न येणारी येऊन अंगाला चिकटून बसते. आपण त्याला कौतुकाने डोहाळे म्हणतो. पण हीच लक्षणं गोचीड तापातही दिसतात आणि शिळंपाकं खाल्ल्यावरही. खाणं दोन दिवसांहून जास्त बंद राहिलं किंवा अंग तापलं तर डोहाळ्यांवर ढकलू नका.

सडांवरून जास्त कळतं, पण ते नीट बघता आले पाहिजेत. कुत्रीला साधारण आठ ते दहा सड असतात, पोटावर दोन रांगांत. जी कधीच व्यायली नाही तिचे सड गव्हाच्या दाण्याएवढे, पोटाला चिकटलेले असतात. गर्भ असेल तर चौथ्या आठवड्याच्या आसपास ते गुलाबी होतात, जरा उभे राहतात, आणि त्यांच्या भोवतीचे केस विरळ होतात. मागचे सड, मांड्यांजवळचे, आधी आणि जास्त फुगतात. तिला कुशीवर झोपवून दिवसाच्या उजेडात बघा, आणि शक्य असेल तर दर आठवड्याला त्याच कोनातून मोबाइलवर फोटो काढा. एका दिवसाच्या बघण्यातून जे कळत नाही ते चार फोटो शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं. काळ्या पोटाच्या कुत्रीत गुलाबी रंग दिसत नाही, तिथे आकारावरच जायचं.

पण सडही फसवतात. एकदा व्यायलेल्या कुत्रीचे सड पुन्हा कधीच पहिल्यासारखे बारीक होत नाहीत. रस्त्यावरून उचलून आणलेल्या मोठ्या कुत्रीचे सड लोंबत असतील तर ती पूर्वी आई झाली होती एवढंच त्यावरून म्हणता येतं. शिवाय माजानंतर गर्भ असो वा नसो, सड थोडे फुगतातच.

पोट पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून वाढू लागतं. बाजूने बघण्यापेक्षा वरून बघा: फासळ्यांच्या मागे कंबरेचा जो खळगा असतो तो भरून येतो. पहिलटकरणीच्या पोटात एकदोनच पिल्लं असतील, किंवा कुत्री आधीच लठ्ठ असेल, तर शेवटपर्यंत काही कळत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र ती कुशीवर शांत पडलेली असताना कातडीखाली पिल्लांची हालचाल दिसते. तळहात नुसता टेकवून ठेवा, दाबू नका. ही हालचाल दिसली की गर्भाबद्दल शंका उरत नाही. घरच्या घरी खात्रीने कळणारी जवळजवळ हीच एक खूण, आणि ती येते इतक्या उशिरा.

मग दूध आलं तर? दूध आलं म्हणजे गर्भ, हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज आहे. कुत्रीच्या शरीराची घडणच अशी आहे, की माजानंतर गर्भ राहो वा न राहो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जवळपास दोन महिने वाढलेलंच राहतं. ते उतरू लागलं की दूध आणणारं दुसरं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, वाढतं. म्हणजे नर जवळही न आलेल्या कुत्रीला माजानंतर सहा ते बारा आठवड्यांत सड भरून दूध येऊ शकतं. ती पलंगाखाली गोधड्या ओढून नेते, जमीन उकरते, एखादं कापडी खेळणं किंवा कुणाचा मोजा कुशीत घेऊन बसते आणि कुणी जवळ आलं तर गुरगुरते. हे नाटक नाही आणि तिला वेडही लागलेलं नाही. तिच्या शरीराने तिला तू आई आहेस असं सांगितलेलं असतं. तिच्यावर ओरडू नका. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. दूध पिळून काढू नका, शेक देऊ नका, ती स्वतःचे सड चाटत असेल तर फिरायला न्या, मन दुसरीकडे वळवा. चोळल्या-पिळल्याने दूध वाढतंच. सड दगडासारखे कडक, गरम आणि दुखरे झाले किंवा ती खाईनाशी झाली तर डॉक्टर दूध आटण्याचं औषध देतात. उलट, पहिल्यांदाच विणाऱ्या खऱ्या गाभण कुत्रीला पिल्लं येण्याच्या काही तास आधीपर्यंत दुधाचा थेंबही नसतो, असंही होतं.

आता तिसरी शक्यता, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण. माजानंतर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. त्यात जंतू शिरले तर गर्भाशय पुवाने भरतं. याला पायोमेट्रा म्हणतात. माजानंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांत, म्हणजे आपण ‘गाभण असेल का’ असा विचार करत असतो नेमक्या त्याच काळात, हा आजार येतो. मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत जास्त, पण तरुणींनाही होतो. पोट वाढतं, खाणं कमी होतं, ती सुस्त होते, कधी उलट्या करते. घरचे आनंदाने पिल्लांची वाट बघत असतात आणि आत विष पसरत असतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पिवळसर, तपकिरी किंवा रक्तमिश्रित, वास मारणारा स्राव दिसतो. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच येत नाही, आणि हीच अवस्था जास्त जीवघेणी, कारण गर्भाशय आतच फुटू शकतं.

एक गोष्ट घरी मोजता येते: पाणी. पायोमेट्रात कुत्री खूप पाणी पिते आणि वारंवार, भरपूर लघवी करते, कधी घरातच होते. बाटलीने मोजून वाडगं भरा आणि चोवीस तासांनी किती उरलं ते बघा. दर किलो वजनामागे दिवसाला 100 मिलीलिटरपेक्षा जास्त, म्हणजे दहा किलोच्या कुत्रीने लिटरभराहून अधिक पाणी प्यायलं तर ते नेहमीचं नाही. अशा कुत्रीला माज होऊन दोन महिनेही झालेले नसतील, तर सकाळची वाट बघू नका. चौथ्या आठवड्याच्या सुमारास गाभण कुत्रीलाही थोडा स्राव होतो, पण तो पारदर्शक किंवा पांढुरका, चिकट, बिनवासाचा असतो. रंग किंवा वास आला की लगेच डॉक्टर गाठा. पायोमेट्रावर खात्रीचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढणं, आणि ती जितकी लवकर तितकी जगण्याची आशा जास्त.

या तिन्हींत फरक करायचा सर्वांत सोयीचा मार्ग सोनोग्राफी. जुळल्यानंतर 28 ते 30 दिवसांनी केली तर गर्भाच्या पिशव्या दिसतात, पिल्लांच्या हृदयाची धडधड पडद्यावर दिसते, पू असेल तर तोही दिसतो. पंधराव्या दिवशी घाईने नेलंत तर काही दिसणार नाही आणि ‘गर्भ नाही’ असा खोटा दिलासा घेऊन परत याल. एक्स-रे 45व्या दिवसानंतरच, कारण तोवर पिल्लांच्या हाडांत पुरेसा चुना भरलेला नसतो. 55व्या दिवसानंतरच्या एक्स-रेत कवट्या आणि कणे मोजून पिल्लं किती ते बरंच नेमकं सांगता येतं. विताना शेवटचं पिल्लू आत राहिलं का, हे कळायला हा आकडा फार उपयोगी पडतो. अनुभवी पशुवैद्य चौथ्या आठवड्यात पोट चाचपून गर्भाच्या गाठी ओळखतात, पण हा प्रयोग घरी करू नका. औषधाच्या दुकानातलं माणसांचं प्रेग्नन्सी किट आणून पैसे घालवू नका. ते ज्या संप्रेरकावर चालतं ते कुत्रीच्या शरीरात तयारच होत नाही. शहराबाहेर राहणाऱ्यांनी जवळ पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे का ते बघावं. मुंबईत परळला, आणि नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे अशी महाविद्यालयं आहेत.

उत्तर कळेपर्यंत ती गाभण आहे असं धरूनच वागा. इतर कुठल्याही तक्रारीसाठी दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा, ‘‘हिची नसबंदी झालेली नाही, अमुक तारखेला माज होता.’’ हे एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे गोचीड तापावर सर्रास दिलं जाणारं डॉक्सीसायक्लीन पोटातल्या पिल्लांच्या हाडादातांवर परिणाम करतं. खाजेवरच्या स्टिरॉइडने गर्भ पडू शकतो. दरवर्षीची एकत्रित लस बहुधा जिवंत विषाणूंची असते, ती गर्भ असताना सहसा टाळतात. जंताचं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर गाभण असो वा नसो, कधीच नाहीत.

खाण्याबाबत आपल्या घरांत प्रेमापोटी दोन गोष्टी हटकून होतात. एक, पोट दिसलं रे दिसलं की कॅल्शियमचं सिरप सुरू. गर्भकाळात वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं. पुढे पिल्लं जोरात दूध ओढू लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं आणि कुत्रीला झटके येतात. लहान जातींत हे विशेष दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं तरच कॅल्शियम. दुसरी गोष्ट, बाळंतिणीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवातला अर्धा तिलाही. त्यात बेदाणे असतात आणि बेदाणे-द्राक्षं कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. तिला अंडी, शिजवलेलं चिकन, किंवा पिल्लांसाठी मिळणारं चांगलं तयार खाद्य द्या. पहिले पाच आठवडे नेहमीएवढंच, नंतर हळूहळू वाढवत शेवटी दीडपटीपर्यंत, आणि पोटात जागा कमी असते म्हणून थोडं थोडं, तीन-चार वेळा. नुसत्या दूध-पोळीवर गाभण कुत्री काढू नका.

55व्या दिवसानंतर सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजत जा. कुत्रीचं तापमान एरवी 100.5 ते 102.5 फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. ते 99च्या खाली उतरलं की बहुतेक चोवीस तासांच्या आत ती विते. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट स्राव दिसला, किंवा अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू आलं नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका.

गर्भ नकोच असेल तर ते लवकर ठरवा. गर्भ असतानाही नसबंदीची शस्त्रक्रिया करता येते, आणि ती जितकी आधी तितकी कुत्रीला सोपी जाते. निर्णय कठीण आहे, पण सात पिल्लं व्यायल्यावर त्यांना पोत्यात घालून बाजाराच्या कडेला सोडण्यापेक्षा तो हजारपटीने माणुसकीचा आहे. गर्भ पाडण्याचं इंजेक्शन किंवा गोळी कुणाच्या सांगण्यावरून परस्पर देऊ नका. इस्ट्रोजेनच्या इंजेक्शनाने पायोमेट्रा होतो आणि हाडांच्या मगजातलं रक्त तयार होणंही थांबू शकतं. गर्भ नसल्याचं कळलं तर माजानंतर दोन-तीन महिन्यांनी, खोट्या गर्भाचं दूध पूर्ण आटल्यावर, नसबंदी करून घ्या. ती व्यालीच तर पिल्लं दूध सोडून स्वतः खाऊ लागल्यावर आणि तिचे सड सुकल्यावर. पुढच्या माजापर्यंत थांबू नका.

दाराशी येणाऱ्या कुत्रीबद्दल एक. तिच्या कानाच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आहे का बघा. महापालिकेच्या किंवा संस्थेच्या शस्त्रक्रियेनंतर ही खूण करतात. खाच असेल तर वाढलेलं पोट गर्भाचं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. पोटात पाणी झालं असेल, जंत असतील किंवा गाठ असेल, आणि तिला दवाखान्याची गरज आहे. खाच नसेल तर मोबाइलमध्ये तिचा फोटो तारखेसह ठेवा, आणि ती व्यायल्यावर पिल्लं दोन महिन्यांची झाली की नगरपालिकेकडे नसबंदीसाठी तिची नोंद करा. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. ती लेखी अर्ज देऊन मागा, आणि अर्जाची पोच घ्या.